लांब असलेली लेक

माय, तुझं ऑपरेशन होऊन जखम भरली आणि डॉक्टरांनी पंचवीस शेक, म्हणजे रेडिएशन, लिहून दिले, तेव्हा नांदेडच्या त्याच दवाखान्यात, शेकाच्याच विभागात मी नवीन नर्स होते. माझ्या लग्नाची बोलणी चालू होती. स्थळ आणणारी बाई आमच्याच विभागात कामाला. आईला छातीचा कॅन्सर म्हणजे उद्या पोरीलाही होईल, असं म्हणून ते लोक मागे फिरतील, ही मला धास्ती. मी गावी कुरुंद्याला येऊन तुला सांगितलं, की दवाखान्यात ओळख दाखवू नको. तू शेरडांना पाला टाकत होतीस. मान वर न करता विचारलंस, "मंग काय म्हणू तुला?" सगळे म्हणतात तेच म्हण, मी म्हणाले.

रोज सकाळी तू कुरुंद्याहून वसमतमार्गे एसटीनं एकटी यायचीस. सैल सुती झंपर घाला, अंगावरच्या शाईच्या खुणा पुसू नका, हळद-पावडर लावू नका, कातडी लाल झाली की लगेच दाखवा, हे मी एकेका बाईला जवळ बसवून सांगायचे. तुला मात्र हातातल्या कागदाकडे बघत घाईघाईत सांगून टाकलं.

चौथ्या आठवड्यात तू माझ्या टेबलापाशी आलीस. ती स्थळ आणणारी बाई शेजारीच उभी होती. "सिस्टर, काखेत लई आग होऊन राहिली. जरा बघता का तुमी?" जन्मात तू मला अहो-जाहो केलं नव्हतंस. तुला पडद्याआड नेऊन बघायला दोन मिनिटं लागली असती. होतं तसं सगळ्यांनाच, बसा, असं म्हणून मी तुला परत पाठवलं. तू हात अंगापासून लांब धरून बाकावर बसून राहिलीस.

दोन दिवसांनी मशीनवर हात वर करताना तू कण्हलीस, तेव्हा मोठ्या सिस्टरांनी बघितलं. काखेतली कातडी सोलून निघाली होती आणि झंपर तिला चिकटला होता. त्यांनी सलाईनच्या पाण्यानं भिजवून भिजवून तो सोडवला. मी ट्रे धरून उभी. घरी बघणारं कुणी नाही का, त्यांनी विचारलं.

"हाय की लेक," तू म्हणालीस. "लांब असती ती."

लग्न झालं. तू पुढं नऊ वर्षं जगलीस, एकदाही ते बोलून दाखवलं नाहीस, आणि मीही विषय काढला नाही. आता मोठी सिस्टर मीच आहे. प्रत्येक बाईची काख स्वतः बघते. लोक कौतुक करतात तेव्हा कुठं बघावं कळत नाही.

गेल्या आठवड्यात वारंगा फाट्याच्या एका बाईची पट्टी बदलत होते. ती म्हणाली, "तुमाला आमची तकलीफ बराबर कळती, सिस्टर. तुमच्या घरात कुणाला झालतं का?"

मी नाही म्हणाले. तिचे शेक काल संपले, ती गावी गेली. तिला खरं सांगायचं राहून गेलं, म्हणून आज तुला लिहायला बसले.