महालक्ष्म्यांचं जेवण

आई, यंदाही महालक्ष्म्या बसवल्या. तू गेल्यावर दोन्ही मुखवटे मी पांढुर्ण्याहून इकडे आयर्लंडला आणले, तेव्हापासून एकही वर्ष चुकवलं नाही. आपल्याकडची चार घरं या गावात आहेत, जेवणाला सगळी माझ्याकडे येतात. यंदा दोनच आली. महिन्याभरापूर्वी आमच्यातल्या एका नर्सला बसस्टॉपवर पोरांनी ढकललं, "आपल्या देशात जा" म्हणून. तेव्हापासून सगळे उजेड आहे तोवर घर गाठतात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या नदीवर गोटमार असायची, आणि तू सकाळीच दाराला कडी घालायचीस. एकदा मी गच्चीवर चढले. नदीच्या मधोमध रोवलेल्या झेंड्यासाठी दोन्ही काठांवरून माणसं एकमेकांना दगड मारताहेत, एकाला खाटेवर घालून नेताहेत. तू वेणी धरून मला खाली आणलंस. "काय पाहून राहिली वं? पाहून पाहून सवय होते माणसाले." मी म्हटलं, "पण तो देवीचाच झेंडा आहे ना?" तू गच्चीच्या दारालाही कडी घातलीस. आता वाटतं, तिथं निदान दगड कोणत्या दिवशी येणार ते ठाऊक असायचं.

इथं नवऱ्यानं पडदे ओढले. "घंटा राहू दे. आरती हळू म्हणू."

"हळू का? देवी झोपली का?" मुलीनं विचारलं. कुणी हसलं नाही.

आरती अर्ध्यात आली आणि काच फुटली. पडद्याच्या फटीतून दगड आत आला, मागोमाग बाहेर हसणं आणि पळणारी पावलं. लागलं कुणालाच नाही. पण थोरल्या महालक्ष्मीच्या निऱ्यांत काचा, नैवेद्याच्या पानांत काचा. पोलीस आले, अदबीनं बोलले, लिहून घेऊन गेले. मग आम्ही पुरण, आंबील, सोळा भाज्या, सगळं काळ्या पिशव्यांत भरलं. कोणत्या घासात काय असेल, सांगता येईना. पाहुणे उपाशी गेले.

खिडकीला अजून पुठ्ठाच आहे. काल दोन पोरं समोरच्या भिंतीवर बसून त्याच्याकडे बघत होती. बराच वेळ. पडद्याआडून मीही त्यांच्याकडे बघत राहिले.

दादाला फोनवर सांगितलं, जेवण छान झालं. तुला खोटं कशाला सांगू? त्या दिवसापासून रस्त्यात मुलगी मराठीत बोलायला लागली, की मी ऐकू न आल्यासारखं करते.