नळीचा आकडा

वडनेर
१२ फेब्रुवारी, गुरुवार

मोहिनी, आशीर्वाद. खुशाली मागून सांगतो. पयले हे सांग, सिंदीच्या हळदीकुंकवात तू धा बायांत काऊन बोलली, का वहिनी भावाले तडफडत टाकून हिंगनघाटले वांगे विकाले गेलती? शेजारच्या अनुसयाबाईनं मले शब्द अन् शब्द सांगतला. तुया भाऊ सहा मैन्यांपासून खाटेवर हाय. तू दोनदा आली, दोन्ही येळा चहा पिऊन पाचच्या गाडीनं परत. म्या तं तो एक दिवस सोडला तं फाटकाच्या भाईर पाय नाई टाकला. न्हानीत गेली तरी कान खाटेकडं.

फोनवर हे बोलता येत नाई. हे बाजूले पडून सारं आयकते. अन् तू उचलत बी नाई.

आता खुशाली. यायच्या पायांत जोर आला, धरून चालते. दम तेवढा नाई आला. पावसाळ्यात नसांचा आजार झाला तवा चाळीस दिवस मशीननंच श्वास देल्ला ना. डाक्टरीन बाई म्हने, "मावशी, मशीननं काम केलं, तं छातीखालचा पडदा बसून बसून वाळला. त्याले थोडं थोडं वझं द्या." म्हनून ते नळी देल्ली. तोंडात धरून हवा ओढाची. आत स्प्रिंग हाय, चकती फिरवली का ओढाले जड. नऊ आकड्यापासून सुरू, दर रविवारी दोनच वाढवाचे.

मले बोल लावतं, तं पुरं आयक.

तेरावर होती. म्या पंचवीसवर नेली.

मले वाटलं, असं रांगत गेलं तं होळी बी या खाटेपाशीच जाईन. कापसाचं गाठोडं उचलून उचलूनच माही मान तयार झाली, तसाच पडदा होईन. यायले चष्म्याबिगर आकडा दिसत नाई. म्हनले, "आज लय जड लागते वं." म्या म्हनलं, "नाटकं नोका करू, ओढा." ओढलं बिचाऱ्यानं. तीन दिवस, दोन टाईम. मानेच्या शिरा दोऱ्यावानी ताठ. मंग श्वास बारीक बारीक, घाईघाईनं, उन्हातल्या कुत्र्यावानी. तिसऱ्या दिवशी दुपारी एकदम शांत झोपले. म्या म्हनलं, मेहनतीची झोप हाय. टोपलं उचललं अन् गेली. हिंगनघाटले उभ्यानं चहा पेली. तुले खोटं काय सांगू, लय बरं वाटलं.

घरी आली तं हे उठेच ना. होट निळे.

दवाखान्यात नेलं तं डाक्टरीन बाई म्हने, ते झोप नोहती. पडदा थकला, भाईर जाची हवा आतच साचली, तिची गुंगी होती. मंग इचारलं, "नळी कितीवर होती?"

म्या म्हनलं, "तेरा."

तेच त्यायच्या कागदावर हाय. म्हंजे त्यायच्या लेखी तेरा बी झेपलं नाई. येत्या मंगळवारी तपासून नळी बंद, अन् नाकावरची श्वासाची मशीन जन्मभराची. यायनं बी मनात तेच धरलं. म्हनते, "माहा पडदा मेला, कुंता." नळी दाखवली का भिंतीकडं तोंड करते. म्या खरं सांगतलं तं पुन्हा नऊपासून धरता येईन. पन तोंड उघडतो अन् भलतंच निंगते, "पानी देऊ का?" काल चार खेपा पानी पाजलं.

तू मंगळवारी दवाखान्यात चाल. मी डाक्टरीन बाईले सांगतो, यायच्यासमोर सांगतो. तू फक्त दारात उभी राह्यजो, मले पळू नोको देऊ. शिव्या मंग देजो, धा बायांत देजो.

अनुसयाबाई उद्या तिच्या माहेरी सिंदीले येऊन राह्यली. लिफाफा डिंकानं चिकटवला हाय, फाटका दिसला तं मले सांगजो. ते रविवारी परतते, तिच्याच हाती उत्तर पाठव. येतं का नाई, येवढंच लिही.

तू नाई आली तं मी मंगळवारी बी तेराच सांगीन. मी कशी हाय ते मले माहीत हाय.

रविवारलोक वाट पाह्यतो.

तुयी वहिनी
कुंता