अस्वलाने उठायचं कसं

लॉस एंजेलिस,
३१ ऑगस्ट १९३५

तीर्थरूप मिहरानमामांना हरांतचा टोपी काढून, कमरेत वाकून नमस्कार. मामींनाही तितकाच, फक्त जरा कमी वाकून, कारण कंबर धरली आहे (का, ते पुढे येईलच). तुमचा गुडघा कसा आहे? खेचर अजून चावतं का? मी खुशाल आहे, दोन्ही वेळा जेवतो आणि दर रविवारी चर्चला जातो. (एका रविवारी गेलो नाही. हे पत्र त्याच रविवारबद्दल आहे.)

आपलं काय ठरलं होतं ते मी विसरलेलो नाही. वर्षभरात इथे कार्टूनच्या कंपनीत चित्रकाराची पक्की जागा मिळाली तर ठीक, नाहीतर मनुके वाळत घालायच्या आत फ्रेस्नोला परत यायचं आणि जन्मभर द्राक्षं तोडायची. ते वर्ष आज संपतं. चर्चच्या पायरीवर तुम्ही सगळ्यांना सांगता की, "भाचा तिकडे अस्वलं नाचवतो," तेही माझ्या कानावर आलं आहे. मामा, खरं सांगायचं तर अजून नाचवायलाही देत नव्हते. मोठे चित्रकार अस्वलाचा उचललेला पाय काढतात आणि टेकलेला पाय काढतात. त्या दोन पायांमधली सगळी चित्रं आम्ही काढायची. वर्षभर मी नुसता मधेच होतो.

मग आमचे मालक, मिस्टर प्रुएट, यांनी मला आठ सेकंद दिले. नवीन कार्टून आहे: एक अस्वल खुर्ची-छत्री घेऊन समुद्रावर मजा करायला जातं आणि त्याची दैना होते. त्यातली शेवटची लाट माझी. मालक हसले तर जागा पक्की, नाही हसले तर स्टेशनचा रस्ता.

लाट शिकवायला लुंडग्रेन होता. हा म्हातारा स्वीडिश माणूस, वजनाने आपल्या खेचराच्या वर नसला तरी फार खालीही नाही. पण त्याचा हात! तो चार रेघांत ओला टॉवेल काढतो आणि मी नकळत माझे हात पँटला पुसतो. मी चर्चमध्येही इतका गप्प बसत नाही जितका त्याच्या टेबलामागे बसतो. तो म्हणाला की लाट टेबलावर बसून कळत नाही. म्हणून त्या रविवारी आम्ही अकरा जण ट्रॅममध्ये बसून सांता मोनिकाला गेलो. प्रत्येकाकडे चित्र काढायची फळी, आणि घडीची खुर्ची माझ्या डोक्यावर.

अस्वल झाला स्वतः लुंडग्रेन. तो पट्ट्यापट्ट्यांच्या पोहायच्या कपड्यांत पाण्याच्या कडेला बसला आणि खुर्ची त्याच्यासकट मिटली. उघडायला चौघे लागले, त्यातला एक मी (कंबर ती इथे गेली). तेवढ्यात मामींनी पाठवलेले द्राक्षपानांचे डोलमे एका समुद्रपक्ष्याने डब्यातून नेले, आणि सगळे तिकडे बघत असताना लाट आली. लुंडग्रेन खुर्चीसकट आत गेला.

मामा, आता लाज वाटते, पण एकही जण धावला नाही. सगळ्यांनी पेन्सिली काढल्या.

"अरे, वाचवा!" लुंडग्रेन ओरडला.

"हात जरा वर घे!" आमच्यातला एक ओरडला. "तोंड इकडे कर!"

शेवटी किनाऱ्यावरच्या रखवालदाराने उडी मारली आणि त्याला ओढून आणलं. "माणसं आहात का कोण आहात?" असं तो आमच्यावर खेकसला. कोणी मान वर केली नाही, कारण तोवर सगळे रखवालदाराचं चित्र काढत होते. मीही.

लुंडग्रेनच्या कानावर शेवाळ लोंबत होतं. वाटलं, आता आमचं काही खरं नाही. तर त्याने एकेक फळी पाहिली आणि म्हणाला, "सगळं चुकलंय. लाट मारते नंतर. आधी ती पायाखालची वाळू ओढून नेते, आणि मग क्षणभर काहीच होत नाही. ते काहीच-नाही कुणी काढलंय? चला, बूट काढा."

आम्ही हातात हात धरून पाण्यात उभे राहिलो. टाचांखालून वाळू सरकली. समुद्र मागे गेला आणि एकदम गप्प झाला. समोर पाण्याची भिंत उभी राहिली आणि तिच्यातून ऊन आलं, कच्च्या द्राक्षातून येतं तसं हिरवं. मी पोहता न येणारा माणूस, पण घाबरायचं विसरून गेलो. एवढं मोठं काहीतरी माझ्यासाठी थांबलं आहे असं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. मग ते आलं, आणि सात बूट, चार फळ्या आणि एकाची पँट घेऊन गेलं.

नंतर मी शहाण्णव चित्रं काढली. त्यातल्या बारांत काहीच होत नाही, आणि त्या बारांनाच जास्त दिवस लागले. आज सकाळी ती पडद्यावर दाखवली. काळोखात माझ्या पेन्सिलीच्या रेघा श्वास घ्यायला लागल्या, तेव्हा मी शेजारच्याचा गुडघा घट्ट धरला. गुडघा मिस्टर प्रुएट यांचा निघाला. असो. मामींना सांगा, डबा शाबूत आहे.

आपला आज्ञाधारक भाचा,
हरांत

ता. क. मालक हसले की नाही ते लिहायचं राहिलं. लाटेला हसले नाहीत. "पाणी बरंय," एवढंच म्हणाले, आणि इथे असं म्हटलं की माणूस कोट शोधायला लागतो. पण लाट गेल्यावर अस्वल उठतं, त्याला इतके हसले की तीनदा परत दाखवायला लावलं. सोमवारपासून माझी जागा पक्की. तेव्हा यंदा मनुके वाळवायला मी येत नाही, एवढी परवानगी हवी होती.

ता. क. दुसरा. उठतं कसं, तेही सांगायला हवं. ज्या सप्टेंबरात पाऊस आला आणि वाळत घातलेलं सगळं पीक कुजलं, त्या सप्टेंबरात एक दिवस तुम्ही चिखलात बसलात. मग आधी टोपी सरळ केलीत, कोणी बघत नाही ना म्हणून दोन्हीकडे पाहिलंत, उठलात आणि वाळवणाचं पहिलं ताट उचललंत. मी शेडमागे होतो. अस्वलाला मी ते जसंच्या तसं दिलं आहे, तुम्हाला न विचारता. नाताळात कार्टून फ्रेस्नोला येईल. अख्खं थिएटर हसेल, तेव्हा रागावून उठू नका. त्या दिवशी शेडमागे मी रडत होतो.