दोन्ही किल्ल्या

अकोला,
दि. २० नोव्हेंबर २०२५

प्रिय पायल,

हे पत्र आईजवळ देतो आहे. शनिवारी ती अमरावतीला पोचेल. सोमवारी तू कंपनीत राजीनामा देणार असल्याचे तिच्याकडूनच कळले. त्याआधी हे तुझ्या हाती पडावे. फोन केला नाही, कारण फोनवर मी नेमके महत्त्वाचे मुद्दे गाळतो.

आमच्या पतसंस्थेत तू एआय एजंट बसवलास त्याला आठ महिने झाले. अर्ज वाचणे, सही पडताळणे, ठेव मोडणे, रक्कम पाठवणे ही कामे तो सांभाळू लागला. पन्नास हजारांवरच्या रकमेला मात्र तू अट घातलीस: अध्यक्षांनी आपल्या डिजिटल सहीची किल्ली संगणकाला लावून स्वतः पिन टाकल्याशिवाय व्यवहार पुढे जाणार नाही. तेव्हा तू म्हणाली होतीस, "बाबा, हा थकत नाही आणि शंकाही घेत नाही. लॉकरसारखी एक किल्ली माणसाकडे राहू द्या, त्याच्या हाती दोन्ही किल्ल्या देऊ नका." ते वाक्य मी तारखेसह टिपून ठेवले आहे.

आमचे अध्यक्ष महादेवराव अंजनगाव सुर्जीहून दर मंगळवारी एसटीने येतात. पूर्वी ते एका बैठकीत अख्ख्या चेकबुकावर सह्या करून देत आणि मी ते कपाटात ठेवत असे. नियमात न बसणारी ही सोय एकोणतीस वर्षे बिनबोभाट चालली. एजंटवर ते खूश होते. "आपल्या पिग्मी एजंटापेक्षा हा बरा हाये, चहा त मांगत नाही," असे चारचौघांत सांगत.

बुधवारी, ५ तारखेला आमच्या ठेवीदार सत्यवतीबाईंच्या नावाने ठेव मोडण्याचा अर्ज ईमेलने आला. बाई बडनेऱ्याला राहतात. रेल्वेच्या दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झाल्या. अर्ज बनावट होता, पण सही हुबेहूब होती. एजंटने ठेव मोडून चार लाख ऐंशी हजार रुपये परक्या खात्यात पाठवले. अध्यक्षांची मंजुरी नोंदलेली, आणि अध्यक्ष त्या दिवशी अंजनगावात. यंत्रानेच मंजुरी बनवली, असे संचालकांनी ठरवले. तुझ्या कंपनीने ते मान्य केले. पंधरा दिवस तू प्रोग्रॅममध्ये ती चूक शोधते आहेस आणि धड जेवतही नाहीस, असे आई सांगते.

किल्ली त्या दिवशी संगणकालाच लावलेली होती. जूनमध्ये महादेवराव म्हणाले, "देवमनभाऊ, मी कावून दरवेळी धावत येऊ? राहू द्या ते तिथंच." मी राहू दिली. त्यांचा पिनही संगणकात मीच साठवला, म्हणजे मंजुरी आपोआप पडू लागली. हे चेकबुकासारखेच आहे, असे तेव्हा वाटले. पण सही केलेला चेक कपाटातून काढताना मी प्रत्येक वेळी समोरच्या माणसाचा चेहरा पाहत होतो, एवढे माझ्या ध्यानात आले नाही. गेले पंधरा दिवस हे सारे मला माहीत होते. मार्चमध्ये निवृत्ती आहे, सेवापुस्तिकेत एकही शेरा नाही, असे कारण मी स्वतःला देत राहिलो. आज दुपारी संचालक मंडळाला लेखी निवेदन दिले. पोच घेतलेली प्रत सोबत जोडली आहे. ती तुझ्या साहेबांना दाखव. राजीनामा देऊ नकोस, आणि चूक शोधणे थांबव. ती तुझ्या कामात नव्हती.

तुझाच,
बाबा