बोनेटवरची पाकिटं

मॅडम, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, आणि तुमचे ते सूत्रकृमी अजून मीच वाढवते. मेणअळ्यांची तीच भांडी, त्या अळ्यांच्या अंगात शिरून वाढणारे तेच बारीक जंत. गावात गेलो की तुम्ही ते जंतांचं पाणी आधी स्वतःच्या तळहातावर ओतायच्या. "माणसाले काहीच होत नाही, हे फक्त अळीच्या मुळावर उठतात," असं म्हणत एकेकाला भिंगातून वळवळ दाखवायच्या. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. मी तुमची मदतनीस, मला केवढा अभिमान वाटायचा तुमचा!

उमरखेडकडच्या त्या शेतकऱ्याकडे मात्र मी एकटीच निघाले. त्याच्या हरभऱ्याची रोपं जमिनीतली अळी बुडापासून कापत होती. जंतांची पाकिटं थंड ठेव, मांडीवरून हलवू नको, असं तुम्ही दहादा बजावलं होतं. एस.टी.चे ड्रायव्हरकाका म्हणाले, "ठेव ना पोरी बोनेटवर, कायले अवघडून बसली?" ठेवली त्यांच्या शेजारच्या इंजिनाच्या झाकणावर, आणि पुसद येईपर्यंत मस्त झोप काढली. हातात घेतली तेव्हा चांगली कोमट लागली. जंत जिवंत आहेत का, हे भिंगाखाली एक थेंब बघायला पाच मिनिटं लागतात. मला परतीची गाडी गाठायची होती. दिली तशीच.

आठवड्याने आपण दोघी गेलो तर अर्ध्या एकरात रोपच नाही. शेतकरी नुसता पेटला होता. "मॅडम, तुमच्या भरोशावर जहर नाही फवारलं म्या. अळ्या तं तशाच हायेत, अन् वावर सपाट झालं!" एक उरलेलं पाकीट त्याने माठाशेजारी जपून ठेवलं होतं. तुम्ही भिंग लावलं. सगळे जंत सुईसारखे सरळ, एकही हालेना. दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, तूच हे भर उन्हात फवारलं असशील, म्हणून मेले. तुम्ही म्हणालात, "भाऊ, चूक माही हाय. मेलेला माल देल्ला मी तुम्हाले." दुसऱ्या दिवशी घरचं बियाणं घेऊन आलात आणि पदर खोचून त्याच्यासोबत पुन्हा पेरलंत. मग महिनाभर प्रयोगशाळेत दोष शोधत बसलात. "पाणी नीट उकळलं होतं ना गं?" असं मला विचारलंत. मी हो म्हटलं. खरं सांगितलं असतं तर तुम्ही रागावला असतात, बस्स, एवढंच.

काल त्याच गावात गेले होते. तो शेतकरी आता म्हातारा झालाय. माझीच पाकिटं घेतो, पण आधी भिंग मागतो. चार लोकांत म्हणाला, "हिची मॅडम लय मोठी बाई. स्वतःच्या चुकीवर पांघरूण नाही घातलं तिनं." सगळ्यांनी माना डोलावल्या.

मॅडम, मीही डोलावली.