खिनेस प्यालेला नव्हता

३ मे १९६७, तबेर्नास, स्पेन
ठरलं. इटलीवाल्यांच्या टोळीत शिरायचं. गेल्या वर्षी त्यांच्याच पिक्चरमध्ये डाकू होऊन घोडा पळवताना माझा नवरा खिनेस पडून मेला. खोगिराचा पट्टा कुजका होता. त्यांचा मॅनेजर ताद्देई मात्र गावभर सांगत सुटला की गडी प्यालेला होता. खिनेसला दारूचा वाससुद्धा सहन व्हायचा नाही. आता तो ताद्देई नव्या पिक्चरसाठी परत आलाय. गर्दीत कामाला लागायचं, कॅमेऱ्यासमोर खरं बोलायचं. जगभर ऐकू जाईल. नाव खोटं देणार. कोणाला पत्ता लागणार नाही.

५ मे
भरती झाले. नाव दिलं रेमेदिओस. रांगेतला न्हावी ओरडला, "एन्कार्ना, आज सकाळी बारसं झालं वाटतं?" मेल्याची जीभ झडो. ताद्देई म्हणाला, "ही त्या पडलेल्याची बायको ना? दुखवट्याचे काळे कपडे घरचेच आहेत, घ्या हिला." म्हणजे संशय आलेला नाही.

९ मे
पटकथेची पानं सावलीत पडली होती, ती वाचली. इटालियन अर्धंच कळतं. चालतं. वाचायला शिकले ती पावाच्या पुड्यांच्या कागदांवर, तिथेही बातमी अर्धीच असायची. हीरो सरकारचा माणूस, खोट्या नावाने डाकूंच्या टोळीत शिरतो आणि लगेच ओळखला जातो. बावळट.
हीरोचं काम करणारा अमेरिकन त्याहून बावळट. बोलायची वेळ आली की नुसते आकडे म्हणतो. डाकूंचा सरदार त्याच्यावर पिस्तूल रोखून जेवणात काय आहे ते विचारतो. कोणी रागावत नाही. पाठांतर नाही एकालाही. माझं चोख आहे.

१२ मे
कपडे वाळत घालताना तालीम केली. शेजारची फ्रास्किता म्हणाली, "अगं, तुला सगळे ओळखतात, ताद्देईसुद्धा." तिला जळायला कारण लागत नाही. तिचा दीर मेल्चोर कुंपणावरून बघत होता. खाणीतल्या सुरुंगाने त्याचे कान गेले, तेव्हापासून लोकांच्या ओठांकडे बघून सगळं ओळखतो. चोंबडा. मी पाठ फिरवली.

१७ मे
झालं! सरदार गावात घुसतो, बायका गप्प उभ्या. मी पुढे झाले आणि थेट कॅमेऱ्यात बघून म्हणाले, "खिनेस कारेन्यो प्यालेला नव्हता. पट्टा कुजका होता. ताद्देईला ठाऊक होतं."
कोणी अडवलं नाही. दिग्दर्शक ओरडला, "काय चेहरा आहे बाईचा!" ताद्देईने टाळ्या वाजवल्या. मनाला लागलं असणार, नाहीतर असला माणूस टाळ्या कशाला वाजवेल? घरी येऊन खिनेसच्या खुर्चीला सगळं सांगितलं.

२१ जुलै १९६८
चौकात पडदा लावला होता. सगळं गाव आपापल्या खुर्च्या घेऊन आलं. मी पहिल्या रांगेत, इस्त्रीचे कपडे. अमेरिकन घडाघडा स्पॅनिश बोलत होता. तेव्हा तर नुसते आकडे म्हणायचा.
मग मी आले. केवढं माझं तोंड! ते उघडलं आणि आतून कोणा कोवळ्या पोरीचा आवाज आला, "या धनी, पाणी घ्या. तुमच्यासारखा दयाळू माणूस या गावाने पाहिला नाही."
हसून हसून लोकांच्या खुर्च्या हलल्या. न्हावी म्हणाला, "रेमेदिओस, आम्हालाही पाणी दे!" फ्रास्किताने सांगितलं की आवाज नंतर रोममध्ये भरतात, हे तर गावातल्या शेळ्यांनाही ठाऊक आहे. मग तेव्हा का नाही बोललीस, सटवे?
त्यात हा मेल्चोर. मध्येच उठून पडद्यासमोर आला, टोपी काढून छातीशी धरली आणि माझ्याकडे तोंड करून उभाच राहिला. मागून शिव्या पडत होत्या. मीही ओरडले, "बस की मेल्या, तूही हसून घे!" तो हलला नाही. हसलाही नाही.
हे लिहिताना आत्ता लक्षात आलं.
त्याला ऐकू येत नाही.