इंजिन गार होईपर्यंत

सातारा, रविवार, १९९७

आबांची जुनी स्पोर्ट्स गाडी लय ऑइल खायची. कुंडलला जाताना पाटण फाट्यावर थांबून इंजिन गार होऊ द्यायचं, मग आबा ऑइल मोजायची पट्टी ओढून, चिंधीनं पुसून ऑइल बघायचे. घरात मुके, पण त्या दहा मिनिटांत बोलायचे. त्यांच्या फौजेतलं सगळं मी लहानपणी तिथंच ऐकलं.

आणि मी शहाण्यानं परवा इंजिनचं काम करून घेतलं! आज फाटा आला, तर आबांच्या हातात चिंधी तयार.

"आबा, आता ऑइल खात न्हाई. थांबायला नको."

"बरं झालं." चिंधी घडी घालून खिशात. कुंडलपर्यंत शब्द नाही. काय केलं मी हे?

येताना फाट्यावर मीच गाडी उभी केली. "आबा, तरी बघा की एकदा."

चिंधी लगेच बाहेर. "दहा मिनिटं थांबाय लागंल. इंजिन गरम हाय."